ब्रेकबाईंचा शेवटचा शिकाऊ

गावातली निम्मी माणसं ब्रेकबाईंच्या हाताखालून, खरं तर पायाखालून, गेलेली होती. बाई मोटार चालवायला शिकवत. शिकाऊ स्टिअरिंगवर आणि बाई शेजारी. शिकवायच्या गाडीत असतो तसा त्यांच्याही पायाशी एक ब्रेक. समोर कुत्रं आडवं आलं की शिकाऊ डोळे मिटून घ्यायचा आणि बाई बोलणं न थांबवता पाय दाबायच्या. गाडी थांबायची, कुत्रं शेपूट हलवत निघून जायचं आणि शिकाऊला वाटायचं, थांबवली बुवा आपण. बाई त्याला तसं वाटू द्यायच्या. मनात मात्र त्यांची पक्की खात्री होती की या गावात जे काही वेळेवर थांबतं ते त्यांच्या पायामुळे.

हाडांचे डॉक्टर त्यांच्याकडे शिकले, बँकेतला कॅशियर शिकला, चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाची बायको शिकली आणि मग तिने नवऱ्यालाच दोनदा शिट्टी मारायला लावली. एकच माणूस शिकायचा राहिला आणि तो नेमका घरातला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं गावात जो तो म्हणे. बाईंना ते लागत असे.

हा अंधार म्हणजे बाईंचा नवरा, कवळीकाका. दातांच्या दवाखान्यामागे एका अरुंद खोलीत बसून काका कवळ्या बनवत. खोलीभर प्लास्टरची पांढरी भुकटी, मेणाचा वास आणि फळीवर ओळीने मांडलेले जबडे, एकही माणूस नसलेले. हातात चिकाटी एवढी की एकेक दात बसवायला सकाळ घालवतील. कुणी भेटलं की काका आधी तोंडात बघायचे, मग तोंडाकडे. आणि या धंद्याबाहेरचा सगळा जीव मासेमारीत. तीही समुद्रातली नव्हे. तळी, नद्या, कालवे, गोड्या पाण्यातली. गळाला लागलेल्या माशाचं तोंड उघडून ते पहिल्यांदा दात तपासत. बोळका मासा निघाला तर त्याला "कधी तरी दवाखान्यात ये" असं सांगून पाण्यात सोडताना शेजाऱ्यांनी ऐकलेलं आहे.

काकांना मोटार येत नव्हती असं नाही. लग्नानंतर बाईंनी त्यांना शिकवली होती, परवानाही मिळवून दिला होता. परीक्षा कोरड्या मैदानावर झाली, तिथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढच्याच आठवड्यात काका तळ्याकाठच्या रस्त्याने निघाले. पाण्यावर काहीतरी हललं. काकांनी तिकडे पाहिलं, डोळ्यांमागून मान गेली, मानेमागून हात गेले आणि हातांमागून गाडी. तळं काठाला उथळ होतं म्हणून बरं. पाणी चाकांच्या वर आल्यावर काका दार उघडून खाली उतरले, काठावर जमलेल्या लोकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मरळ होती." बाईंनी त्याच दिवशी किल्ली काढून घेतली. काकांचा परवाना तेव्हापासून वेळच्या वेळी नवा होत राहिला आणि ठेवणीतल्या भांड्यांसारखा कपाटात पडून राहिला. काकांची काही तक्रार नव्हती. बायको चालवते आणि आपल्याला खिडकीतून पाणी बघता येतं, यापेक्षा चांगला संसार त्यांना सुचत नव्हता.

संसार असाच चालला असता, पण बाईंचा डावा गुडघा बसला. आयुष्यभर क्लच दाबून तो झिजला होता. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडाला धरून पाहिला. मग आपल्याला शिकवणाऱ्या बाईंशी बोलायचं त्या अदबीने ते म्हणाले की ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतर गाडी चालवायची नाही. किती महिने, असं बाईंनी विचारलं. डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला आणि आता दुसऱ्या कुणालातरी चालवू द्या म्हणाले.

बाईंनी घरी येऊन फक्त ऑपरेशनचं सांगितलं. पुढचं गिळून टाकलं. मुलीला मात्र फोनवर सगळं सांगावं लागलं, कारण ती वकील नसली तरी उलटतपासणीत वकिलाच्या वरताण होती. तिने फोन ठेवायच्या आत सगळं ठरवून टाकलं. घरात गाडी चालवणारं कुणी उरणार नाही, दवाखाना लांब, बाजार लांब, बाबांचं तळं तर त्याहून लांब. तेव्हा गाडी विकायची आणि दोघांनी तिच्याकडे राहायला यायचं. सातव्या मजल्यावर एक खोली मोकळी होती. बाल्कनीतून सगळं दिसतं, असंही तिने सांगितलं. बाईंनी ती बाल्कनी पाहिलेली होती. तिथून समोरची बाल्कनी दिसायची. काकांना तिथे नेऊन ठेवणं म्हणजे मासा बादलीत ठेवणं, हे त्यांना कळत होतं. आणि आपणही त्याच बादलीत जाणार, हेही. सहलीहून आल्यावर काय ते सांगते, एवढं बोलून त्यांनी वेळ मारून नेली.

सहल कसली, तर मासेमारीची. दोन दिवसांच्या वाटेवर एक मोठी नदी होती आणि तिच्या दलदलीत मांडीएवढ्या मरळी असतात, असं काका लग्नापासून ऐकत आणि ऐकवत आले होते. बाईंनी आजवर ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं होतं. आता एका सकाळी त्या आपणहून म्हणाल्या, चला, जाऊन येऊ. काका हरखले. संशय म्हणून त्यांना शिवला नाही. ज्या माणसाने जन्मभर माशांना आमिष दाखवलं, त्याला स्वतःच्या नाकासमोर लटकणारं आमिष दिसू नये, याला काय म्हणावं? बाईंचा बेत साधा होता. वाटेत कुठेतरी गुडघा दुखतोय म्हणायचं, काकांना स्टिअरिंगवर बसवायचं, आपण दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसायचं आणि माणूस तयार करून परत आणायचा. जमलं तर घर राहील, नाहीतर बाल्कनी.

निघायच्या आदल्या दिवशी काका गॅरेजमधून गाडी घेऊन आले, म्हणजे गॅरेजवाल्याच्या शेजारी बसून आले. गळ, फिरक्या, जाळी, गांडुळांचा डबा, घडीच्या खुर्च्या असं सगळं डिकीत कोंबलं. टपावरची 'शिकाऊ' ही पाटी काढायची का, असं काकांनी विचारलं. राहू दे, म्हणाल्या बाई.

पहिल्या दिवशी बाईंनीच गाडी चालवली. घरं मागे पडली आणि दोन्ही बाजूंनी हिरवं अंगावर आलं. केळीच्या बागा, माडांच्या रांगा, झाडांवर चढलेल्या हातभर पानांच्या वेली. हवा इतकी दमट की चष्मा पुसावा तर रुमालच ओला. आणि जिकडे तिकडे पाणी. रस्त्याच्या कडेने कालवा, कालव्यापलीकडे डबकं, डबक्यापलीकडे आणखी एक कालवा. काका खिडकीला नाक लावून बसले होते. प्रत्येक साकवावर गाडी हळू करायची विनंती व्हायची. इथे वांब असणार, इथे शिंगाळा मासा असणार. बाई रस्त्यावरची नजर न काढता हूं म्हणायच्या आणि मनात म्हणायच्या, या माणसाला या रस्त्यावर स्टिअरिंगवर बसवायचं म्हणजे मांजराला दुधाच्या पातेल्यावर राखण बसवायचं.

संध्याकाळी एका कालव्याकाठी मुक्काम केला. काकांनी डिकीतून एक लोखंडी गज काढला, चिखलात रोवला आणि त्याच्या वरच्या दुबेळक्यात गळाची काठी टेकवली. बाई खुर्चीत पाय लांब करून बसल्या. मासा काही लागला नाही. काका म्हणाले, पाणी चांगलं आहे, माशांचाच मूड नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना खोटं बोलावं लागलंच नाही. नदी ओलांडणाऱ्या तराफ्यावरून गाडी काठावर चढवताना गुडघ्यातून अशी कळ आली की त्यांच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. गाडी कडेला घेऊन त्या म्हणाल्या, आता तुम्ही चालवा.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, दोन्हीकडे पाणी आहे."

"रस्त्यावर नाही ना? मग झालं. मी आहे ब्रेकवर."

काका बसले. आरसे बघितले, पट्टा बांधला, दोनदा घसा साफ केला आणि गाडी अशी सुरू केली की सायकलवरून केळीचे घड नेणारा एक म्हातारा त्यांना मागे टाकून गेला, वर घंटीही वाजवून गेला. बाईंनी तोंडाचा पट्टा सुरू केला. उजवीकडे तळं आहे, बघू नका. डावीकडे बगळा आहे, तो मासा खातोय, बघू नका. काका म्हणाले की तू सांगतेस म्हणून कळतंय, नाहीतर मला दिसलंही नसतं. बाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग राहवेना म्हणून पुन्हा सुरू झाल्या.

पुढे बदकांचा अख्खा थवा रस्ता ओलांडायला निघाला. बाईंनी पाय दाबला. गाडी अलगद थांबली. बदकं सावकाश गेली, एक तर मध्येच थांबून पंख नीट करून गेलं. "बघा," बाई म्हणाल्या, "मी वेळेवर दाबला म्हणून." काका म्हणाले, हो ना. गॅरेजवाल्याने काम चांगलं केलंय, असं बाईंच्या मनात आलं. ब्रेक लोण्यासारखा चालत होता, जोर म्हणून लावावा लागत नव्हता.

दुपारून घाटाचा उतार लागला. वळणाच्या पलीकडे लाकडं भरलेला एक ट्रक बंद पडून रस्त्यात उभा होता. बाईंनी पाय खाली आपटला. गाडी करकरली आणि ट्रकमधून मागे आलेल्या ओंडक्यांपासून हातभर अलीकडे थांबली.  मग बाईंनी कपाळ पुसलं आणि आज मी नसते तर काय झालं असतं, याचं साग्रसंगीत वर्णन केलं. काकांनी ते मान खाली घालून ऐकलं, सगळं खरं आहे म्हणाले आणि गाडी मागे घेऊन ट्रकला वळसा घातला. बाईंचा मात्र धीर खचला होता. माणूस चालवतोय कसला, आपणच उंटावरून शेळ्या हाकतोय. आपला पाय नसेल त्या दिवशी हा काय करणार? संध्याकाळपर्यंत त्यांना ती बाल्कनी स्पष्ट दिसायला लागली, समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांसकट.

नदीच्या दलदलीपाशी पोहोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जलपर्णीने अर्धं पाणी झाकलेलं, मधूनमधून बुडबुडे. काकांनी गज रोवला, बेडकाचं पिल्लू आकड्याला लावलं आणि गळ टाकला. बाईंनाही एक काठी दिली. बाई पाण्याकडे बघून म्हणाल्या, या, सरळ या, घाई करू नका. सवयच ती. मग अचानक काकांची काठी वाकली, फिरकी कर्र करून फिरली आणि थोड्या झटापटीनंतर काठावर एक मरळ आली. मांडीएवढी नव्हती, पण पोटरीएवढी होती. काकांनी तिचं तोंड उघडलं, आत बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. काय दात आहेत, एकही हलत नाही, असं ते दोनदा म्हणाले. त्या आनंदात त्यांनी चिखलातला गज उपटला, पाण्यात विसळला आणि धर जरा म्हणून बाईंच्या हातात दिला.

बाईंनी गज धरला. धुतल्यावर तो काळा नव्हता, निळा होता. गाडीच्या आतल्या रंगाचा निळा. वरच्या दुबेळक्याला आरपार भोक होतं आणि भोकाशी झिजलेल्या रबराचा तुकडा चिकटलेला होता.

"हे काय आहे?"

"गज. गळ टेकवायला. डिकीत होता."

"आपल्या डिकीत हा आला कुठून?"

काका मरळ हातात धरून विचार करायला लागले, आणि विचार करता करता त्यांचा चेहरा उतरत गेला. गॅरेजवाला काहीतरी म्हणाला होता. दुसऱ्या ब्रेकची दांडी काढून डिकीत ठेवली आहे, तिचं रबर गेलंय, नवं आलं की बसवतो, बाईंना तेवढं सांगा. काका सांगणारच होते. पण येताना कालव्यापाशी मासे उड्या मारत होते.

बाई लंगडत गाडीपाशी गेल्या, दार उघडून वाकल्या आणि आपल्या बाजूचा ब्रेक हाताने दाबला. तो बिनबोभाट खाली गेला आणि बिनबोभाट वर आला. त्याला पलीकडे काही जोडलेलंच नव्हतं. वर्षानुवर्षं त्या दांडीच्या जोरावर त्यांनी गाव थांबवलं होतं, पण वाकून तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. दोन संध्याकाळी ती समोर चिखलात उभी होती. काखेत कळसा, गावाला वळसा.

त्या तिथेच गाडीच्या उंबऱ्यावर बसल्या. आधी राग आला. मग भीती आली, कारण तो ट्रक आठवला. आणि मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की ट्रकपासून हातभर अलीकडे गाडी कुणीतरी थांबवली होती. बदकंही कुणीतरी वाचवली होती. इतकी वर्षं जे शिकाऊ थांबले, त्यातले किती जण आपले आपणच थांबले असतील, असाही एक विचार डोक्यात येऊन गेला. तो काही सुखाचा नव्हता. पण त्याच्या मागोमाग जे आलं ते सुख होतं. बाईंना मोठ्याने हसायला आलं आणि हसता हसता डोळे भरून आले.

काका मरळ सोडून देऊन धावत आले होते. गुडघा दुखतोय का, असं विचारत होते.

"बदकांपाशी ब्रेक तुम्ही एकट्याने दाबला," बाई म्हणाल्या. "ट्रकपाशीही. माझा पाय नुसता हवेत होता."

काका खाली गवतात बसले. "मला वाटलं, आपण दोघं मिळून दाबतोय."

 काका पुढे बोलले आणि बाईंचं सगळं सुख क्षणात उतरलं. असं असेल तर आता मी चालवणार नाही, म्हणाले. तुझा पाय आहे म्हणून मी बसलो होतो. एकट्याने माझ्याच्याने व्हायचं नाही, तळं विसरलीस का? बाईंनी समजावलं, चिडवलं, दरडावलं. काका जागचे हलेनात. शेवटी बाईंनी जे गिळून ठेवलं होतं ते बाहेर काढलं. डॉक्टर म्हणाले आहेत की आता चालवायची नाही. काही महिने नव्हे, कधीच नाही. तुम्ही चालवली तर आपण आपल्या घरात राहू. नाहीतर मुलीने खोली तयार ठेवली आहे.

काकांनी ऐकून घेतलं. हे आधी का सांगितलं नाहीस, असं ते विचारतील म्हणून बाई तयारीत होत्या. काकांनी विचारलं नाही. उठून त्यांनी गळ गुंडाळले, फिरक्या पुसल्या, गांडुळं ओल्या मातीत सोडून दिली आणि बाईंच्या गुडघ्याला शेकायला पाणी तापत ठेवलं.

सकाळी ते जवळच्या गावातल्या एकुलत्या एक मिस्त्रीकडे दांडी घेऊन चालत गेले. मिस्त्रीने ती उलटसुलट फिरवली आणि हे रबर इथे मिळायचं नाही म्हणाला. काका त्याच्याकडे बराच वेळ आशेने बघत राहिले. मग परत आले आणि दांडी डिकीत टाकून स्टिअरिंगवर बसले.

परतीची वाट दुसरी होती, मोठ्या पुलावरून जाणारी. पूल लांब, अरुंद, कठडा जेमतेम गुडघ्याएवढा आणि खाली ती काकांच्या जन्मभराच्या गोष्टींमधली नदी, भरून चाललेली. पुलाच्या तोंडाशी काकांनी गाडी थांबवली. हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरी पडलेली.  बाईंचा पाय सवयीने पुढे सरकला, रिकाम्या ब्रेकवर टेकला आणि मग त्यांनी तो मागे घेतला. मागून एका बसने हॉर्न दिला. काकांनी गाडी पहिल्यात घातली.

मध्यावर आले आणि डाव्या अंगाला पाणी फुटलं. मोठा आवाज झाला, परातभर लाट उसळली. काकांची मान जराशी हलली. 

"तुम्ही समोर बघा," त्या म्हणाल्या. "पाणी मी बघते."

काकांची मान जागेवर आली. बाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं. हयातीत शेकडो पुलांवरून त्या गेल्या होत्या, पण पुलाखाली काय असतं हे कधी पाहिलं नव्हतं. नजर कायम रस्त्यावर. नदी इतकी मोठी असते, इतक्या रंगांची असते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"काय होतं गं?" काकांनी समोर बघतच विचारलं.

"मासा. मोठा. पाठ हिरवी आणि शेपटी लाल."

"दात?"

"दिसले नाहीत. थांबा, परत येतोय. आणखी एक आहे त्याच्याबरोबर."

"सांग, सांग," काका म्हणाले, आणि बाई पूल संपेपर्यंत सांगत राहिल्या.